आविष्कारचं पोस्टर आणि पाच मिनिटांचं सादरीकरण: मदत हवी आहे (विषय: हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराइड)

पैनगंगेकाठची | ५ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गाव यवतमाळ जिल्ह्यात. आमच्या कॉलेजातून यंदा ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी माझा प्रकल्प पुढे गेलाय आणि २२ तारखेला जिल्हा पातळीवर पोस्टर घेऊन उभं राहायचं आहे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारायला कोणी नाही. कॉलेजातले सर मदत करतात, पण सध्या त्यांच्यामागे परीक्षेचं काम आहे.

प्रकल्प असा: आमचं गाव आणि आजूबाजूची चार गावं मिळून ३२ ठिकाणचं पिण्याचं पाणी तपासलं. २० हातपंप, १२ उघड्या विहिरी. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. फ्लोराइड स्पॅड्न्स पद्धतीने (द्रावणाच्या रंगावरून) मोजलं, सोबत पीएच, कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) आणि क्षारता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद). मे महिन्यात २० पैकी ११ हातपंपांत फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेच्या वर निघालं. विहिरींत फक्त एका.

पोस्टर एक मीटर बाय एक मीटर हवं. मी केलेल्या मसुद्यात १४ चौकटी झाल्यात आणि मजकूर इतका आहे की अक्षरं बारीक करावी लागली. बोलायला पाच मिनिटं आहेत, माझं घड्याळ लावून अकरा होतात. इंग्रजीत पाठ केलंय. परवा वर्गात बोलून पाहिलं तर तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य निसटलं आणि पुढचं काहीच आठवेना. खाली बसले. तेव्हापासून रात्री झोपताना तेच डोळ्यासमोर येतं.

काय ठेवू, काय काढू, आणि इंग्रजीतच बोलायला हवं का?

---

खडूफळा | ५ डिसेंबर, रात्री १०:४०

बाळ, आधी अभिनंदन. ३२ ठिकाणं दोनदा फिरणं म्हणजे ६४ बाटल्या, मे महिन्याच्या उन्हात. हे काम झालंय तुझं, आता फक्त सांगायचं राहिलंय.

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आविष्कार २००६ साली राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झालं, तेव्हापासून बऱ्याचदा विद्यार्थी घेऊन गेलो आणि पुढे परीक्षक म्हणूनही उभा राहिलो. म्हणून पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

परीक्षक सकाळी दहाला सुरू होतो. दुपारपर्यंत तीसचाळीस पोस्टरं झालेली असतात, पाय दुखत असतात. तो तुझ्यासमोर येतो तेव्हा तुझ्या १४ चौकटी वाचत नाही. शीर्षक बघतो, एखादा आलेख बघतो आणि तुझ्याकडे बघतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: “यात तू स्वतः काय केलंस?” या प्रश्नाला जो विद्यार्थी प्रस्तावनेतलं वाक्य म्हणून दाखवतो, त्याच्याबद्दल तिथेच शंका येते. जो म्हणतो, “सर, बाटल्या मी भरल्या, काचेच्या नाही, प्लॅस्टिकच्या घेतल्या, कारण फ्लोराइड काचेशी प्रतिक्रिया करतं,” त्याच्यापाशी मी थांबायचो.

भाषेचं म्हणशील तर नियमपत्रक वाच. मी परीक्षक होतो तिथे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालत. ज्या भाषेत तू विचार करतेस त्या भाषेत बोल. संज्ञा इंग्रजीच राहू देत, त्याने काही बिघडत नाही. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं निसटतं, कारण ती साखळी असते. समजलेलं असं तुटत नाही.

आता एक खोचक प्रश्न, जो तुला तिथे विचारला जाईलच. स्पॅड्न्स पद्धत लिटरला सुमारे १.४ मिलिग्रॅमपर्यंतच नीट चालते. तू तर १.५ च्या वरचे आकडे सांगतेस. नमुने पाणी घालून सौम्य करून मोजले होतेस का?

---

सिन्नरचा_सागर | ५ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, गेल्या वर्षी मी गेलो होतो. एवढंच सांगतो: दुहेरी टेप, सुतळी, पिना, कात्री हे सगळं स्वतःचं ने. स्टँड मिळतो, लावायला काय मिळेल याचा भरवसा नाही. आणि डबा ने. रांगेत कधी नंबर येईल कळत नाही, पोस्टर सोडून जेवायला जाता येत नाही.

---

पैनगंगेकाठची | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

सर, तुमचा प्रश्न वाचून धस्स झालं. मे महिन्यात आमचे सर प्रयोगशाळेत सोबत होते, तेव्हा १.४ च्या वर गेलेले सगळे नमुने ऊर्ध्वपातित पाण्याने दुप्पट करून पुन्हा मोजले. ऑक्टोबरमध्ये मी एकटी होते आणि घाईत ते राहिलं. ऑक्टोबरचे नऊ आकडे १.४ च्या वरचे आहेत, ते सौम्य न करताच घेतलेत. आता त्या बाटल्यांतलं पाणी परत मोजू का?

---

खडूफळा | ६ डिसेंबर, सकाळी ८:१५

नको. फ्लोराइडचे नमुने प्लॅस्टिकच्या बाटलीत साधारण २८ दिवस ठेवता येतात, तुझे त्याच्या पुढे गेले. आज नवीन पाणी आणून मोजशील तर तो डिसेंबरचा आकडा होईल, त्याला ऑक्टोबर म्हणता येणार नाही.

तक्त्यात त्या नऊ ठिकाणी “१.४ पेक्षा जास्त” असं लिही. खाली एक ओळ: ऑक्टोबरचे हे नमुने सौम्य केलेले नाहीत, त्यामुळे नेमका आकडा दिलेला नाही. १.५ च्या वर किती, हा हिशोब फक्त मे महिन्याचा सांग. कोणी विचारलं तर जे झालं ते सांग. लपवलेली चूक परीक्षकाला सापडली तर बाकीच्या ५५ आकड्यांवरचाही विश्वास उडतो. तू आधीच लिहून ठेवलीस तर तो तुझ्या कामाचा भाग होतो.

---

राईनकाठ | ६ डिसेंबर, दुपारी ३:२०

मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत पीएच.डी. करते. माझ्या पहिल्या परिषदेत १२ मिनिटांसाठी मी २० स्लाइड नेल्या होत्या. चौदाव्या स्लाइडला घंटी वाजली. निष्कर्ष अठराव्या स्लाइडवर होता. दोन वर्षांचं काम, आणि जे सापडलं होतं तेच सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी जे सापडलं ते पहिल्या मिनिटात सांगते. मग घंटी कधीही वाजो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली, आता ती बऱ्याच देशांत होते. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटं. मी एकदा भाग घेतला. सगळ्यात अवघड गेलं ते काढून टाकणं, कारण प्रत्येक आकड्यामागे आपण केलेली रात्र असते. पण ऐकणाऱ्याला ती रात्र दिसत नसते.

पोस्टरसाठी माझं मत: मधोमध मोठ्या अक्षरांत एकच वाक्य. २०१९ मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने असा नमुना मांडला होता, मध्यभागी साध्या भाषेत मुख्य निष्कर्ष आणि बाजूच्या पट्ट्यांत तपशील. आमच्याकडे आता अशी पोस्टरं नेहमी दिसतात.

---

खडूफळा | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

राईनकाठ, पहिल्या मिनिटात निष्कर्ष हे शंभर टक्के पटलं. मधोमध एकच वाक्य हे मात्र इथे सावकाश घ्यावं असं वाटतं. परिषदेत लोक हिंडत असतात, त्यांना थांबवायचं असतं. इथे परीक्षक थांबणारच आहे आणि त्याच्या हातात गुणपत्रिका आहे. त्यात उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष, उपयोग यांना वेगवेगळे गुण असतात. पद्धत शोधायला त्याला कोपऱ्यात वाकावं लागलं तर विद्यार्थ्याचं नुकसान. मोठं वाक्य वर, शीर्षकाखाली घ्या. मधली जागा आलेखाला द्या.

---

झेडपीगुरुजी | ६ डिसेंबर, रात्री ८:४५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी पोरांना तयार करतो. १९९३ पासून ती होते आणि तिचा गाभाच हा आहे की आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा. आमची सहावी-सातवीची पोरं हाताने लिहिलेले तक्ते घेऊन बोलतात. त्यांना मी एकच सराव देतो: घरी जाऊन ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला सांगा, आणि त्याने विचारलेला पहिला प्रश्न वहीत लिहून आणा.

तुझ्या आईला सांग. सध्या कापूस वेचणी चालू असेल. शेतात ओळीने वेचत जाताना सांग. कागद हातात नसेल, आई तोंडाकडे बघत नसेल, फक्त ऐकत असेल. मग आईने काय विचारलं ते इथे लिही.

---

पैनगंगेकाठची | ८ डिसेंबर, रात्री ८:१०

गुरुजी, काल रविवार होता, आईसोबत दिवसभर वेचणीला गेले. सांगितलं. मी स्पॅड्न्सपर्यंत पोचेपर्यंत आईने तिसऱ्या ओळीतला कापूस ओट्यात भरला होता आणि काही बोलत नव्हती. मग मी सगळं सोडून सरळ म्हटलं, “आई, मारुतीच्या पाराजवळच्या पंपाचं पाणी चांगलं नाही.” ती लगेच थांबली. म्हणाली, “असं कसं वं? त्याच पान्यात तं डाळ पटकन शिजते. साबनाले फेस बी त्याच पान्याचा येते.”

तिने विचारलेला पहिला प्रश्न: “मंग कोन्या पंपाचं भरू?”

आईचं म्हणणं खरंच आहे. माझ्या वहीत बघितलं तर ज्या पंपांत फ्लोराइड जास्त, त्यांतल्या बहुतेकांचा कठीणपणा कमी आहे. हे मला मे महिन्यातच दिसलं होतं, पण पोस्टरवर कुठे घ्यावं कळलं नाही म्हणून घेतलं नाही.

---

खडूफळा | ८ डिसेंबर, रात्री ८:३२

अगं पोरी, हे तू मूळ धाग्यात का नाही लिहिलंस! हेच तुझं सादरीकरण आहे.

बघ, कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार थोडं विरघळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार वर चढू शकत नाही, ते खाली बसतं. पाणी मऊ, कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असेल तर खडकातून सुटलेलं फ्लोराइड पाण्यातच राहतं. आणि मऊ पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. म्हणजे जीभ आणि चूल ज्या पाण्याला चांगलं म्हणतात, नेमकं तेच पाणी दात बिघडवतं. तुझ्या आईने चुलीपाशी केलेलं निरीक्षण आणि तू प्रयोगशाळेत केलेलं मोजमाप एकाच ठिकाणी येऊन मिळतात. फ्लोराइडच्या विषयावर मी बरीच पोस्टरं पाहिली. डाळीपासून सुरू झालेलं एकही पाहिलं नाही.

हातपंपात जास्त आणि विहिरीत कमी का, हेही याच्याच पोटात येतं. खोलवरचं पाणी खडकाशी जास्त काळ राहतं. उघड्या विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी मुरतं.

---

चौकट | ९ डिसेंबर, सकाळी १०:०५

संख्याशास्त्र शिकवते. डाळीचा मुद्दा वाचून मलाही अंगावर काटा आला, पण तिथेच जपायला हवं.

“फ्लोराइड जास्त तिथे कठीणपणा कमी” हे ३२ ठिबक्यांच्या आलेखात दाखव. आडव्या अक्षावर कठीणपणा, उभ्यावर फ्लोराइड, हातपंप भरीव ठिबका, विहीर पोकळ. रंगावर भेद ठेवू नकोस, लाल-हिरवं वेगळं न दिसणारे लोक असतात आणि छपाईत रंग बदलतातही. दीड मिलिग्रॅमवर आडवी तुटक रेघ मार. हा एक आलेख तुझे पाच स्तंभालेख वाचवेल. एखाददुसरा ठिबका उलट वागत असेल तर तो काढू नकोस. त्यावरच प्रश्न येईल, तयार राहा.

सरासरी सांगू नकोस. एका पंपाचा आकडा खूप वर असेल तर सरासरी त्याच्या मागे जाते. “२० पैकी ११” हे कोणालाही समजतं आणि खोडता येत नाही. आणि टक्केवारीही नको. २० पंपांचे ५५ टक्के म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं हजारो पंप मोजलेत.

“सिद्ध झाले” हे शब्द मसुद्यात असतील तर काढ. “आढळले” लिही. पाच गावांचं मोजलंस, तालुक्याबद्दल बोलू नकोस.

---

पैनगंगेकाठची | ९ डिसेंबर, दुपारी १:५०

मॅडम, “सिद्ध झाले” चार ठिकाणी होतं. काढलं. ठिबक्यांचा आलेख काढला, खरंच दिसतंय. एक विहीर उलट आहे: कठीणपणाही जास्त आणि फ्लोराइडही १.६. ती तशीच ठेवलीय.

अजून एक विचारायचं होतं. शाळेतल्या मुलांच्या दातांचे फोटो काढलेत, तपकिरी डाग असलेले. ते पोस्टरवर घालू का? एका आजीनेच सांगितलं होतं, “पान्याले काय तपासतं, पोट्ट्याइचे दात पाय.”

---

डॉ_शुभ्रा | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

मी दंतवैद्य आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली संमतीची. लहान मुलांचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय लावायचा नाही. विचारलं तरी फक्त दात, चेहरा नाही, नाव नाही, शाळा नाही. छोट्या गावात ओठांवरूनही मूल ओळखू येतं. पुढे त्या मुलीला कोणी त्यावरून चिडवलं तर? तुझ्याकडे आत्ता लेखी संमती नसेल तर फोटो वगळ. माझं मत विचारशील तर तुझ्या आलेखाला त्यांची गरजही नाही.

दुसरी शास्त्राची. दातांवरचे डाग आजच्या पाण्याचे नसतात. दाताचं बाहेरचं कवच हिरडीच्या आत असतानाच तयार होतं, पुढच्या दातांचं तर वयाच्या पहिल्या काही वर्षांतच. बारा वर्षांच्या मुलाच्या दातावर जो डाग दिसतो तो त्याने पहिलीत जायच्या आधी प्यायलेल्या पाण्याचा आहे. तेव्हा ते दुसऱ्या गावात, आजोळी असेल तर? “या पंपामुळे हे डाग” असं म्हणालीस आणि समोर माझ्यासारखी कोणी असली तर पुढचा प्रश्न हाच येईल. दात मोजायचे झाले तर डीन यांची डागांची श्रेणी वापरून, प्रशिक्षित माणसाने मोजायचे असतात. तो वेगळा प्रकल्प आहे. पुढच्या वर्षी कर, मी यायला तयार आहे.

---

पैनगंगेकाठची | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

फोटो काढून टाकले, फोनमधूनही. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद डॉक्टर.

---

अक्षरजुळारी | ११ डिसेंबर, सकाळी ११:२०

छपाईच्या धंद्यात आहे, दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत अशी पोस्टरं येतात आणि दर वर्षी पोरं रडवेली होऊन परत येतात. म्हणून नीट वाचा.

फ्लेक्सवाला फुटात बोलतो. एक मीटर म्हणजे तीन फूट सव्वातीन इंचांच्या थोडं वर. तुम्ही “एक मीटर” म्हणाल, तो तीन बाय तीन काढेल आणि तिथे गेल्यावर कोणी माप लावलं तर अडचण. “१०० सेंटिमीटर बाय १०० सेंटिमीटर” असं कागदावर लिहून द्या, घेताना टेप लावून मोजा.

पॉवरपॉइंटमध्येच करत असाल तर पानाचं माप सुरुवातीलाच १०० बाय १०० सेंटिमीटर ठेवा, चालतं. लहान पानावर करून मग ताणलं तर फोटो फाटतात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फाँट घ्या, लांबून स्वच्छ वाचता येतात. आणि दुकानात मूळ फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसला की वेलांट्या सुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘क्ष’चे दोन तुकडे होतात. दुकानदाराला ते दिसत नाही, तो वाचत नसतो. “फ्लोराइड” मधला ‘फ्लो’ आधी तपासा, तो हमखास तुटतो.

चकचकीत फ्लेक्स नको, मॅट मागा. ट्यूबलाइटखाली चकचकीत पोस्टर एका बाजूने दिसतच नाही. तीन दिवस आधी छापा. आदल्या रात्री नको.

---

पैनगंगेकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९:००

पोस्टर आता सहा चौकटींवर आलं. शीर्षकाखाली मोठ्या अक्षरांत: “पाच गावांतल्या २० पैकी ११ हातपंपांत फ्लोराइड मर्यादेच्या वर, जास्त फ्लोराइडचं पाणी बहुधा मऊ.” मध्ये ठिबक्यांचा आलेख.

बोलायची सुरुवात अशी लिहिली आहे:

“नमस्कार. पाणी हा जीवनाचा अविभाज्य घटक आहे. आज जगभरात शुद्ध पाण्याची समस्या भेडसावत आहे. माझ्या गावात मारुतीच्या पाराजवळ एक हातपंप आहे. बायका लांबून तिथे येतात कारण त्या पाण्यात डाळ लवकर शिजते. मे महिन्यात मी ते पाणी तपासलं तेव्हा त्यात लिटरला २.३ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. भारतीय मानकानुसार १ पर्यंत चालतं आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. त्याच पाण्याचा कठीणपणा आमच्या सगळ्या नमुन्यांत सगळ्यात कमी आहे. या दोन गोष्टींचा संबंध शोधणं हा माझा प्रकल्प.”

---

राईनकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९:४४

पहिली दोन वाक्यं काढ. “माझ्या गावात” पासून सुरू कर. बाकी एक शब्द बदलू नकोस.

---

झेडपीगुरुजी | १४ डिसेंबर, रात्री १०:०२

हेच म्हणतो. आणि हा भाग पाठ कर, फक्त हाच. पहिली तीसचाळीस सेकंदं आवाज थरथरतो, तेव्हा तोंडात तयार शब्द असले की आधार वाटतो. पुढचं आलेखाकडे बोट दाखवत बोल. बोट ठिबक्यावर असलं की डोळे आपोआप तिकडे जातात, तुझेही आणि त्यांचेही. मग वाक्य निसटलं तरी ठिबका जागेवर असतो.

---

चौकट | १५ डिसेंबर, सकाळी ९:१०

‘संबंध शोधणं हा माझा प्रकल्प’ हे खरं आहे का? तू मुळात फ्लोराइड मोजायला निघाली होतीस, संबंध नंतर दिसला. तसंच सांग: “मोजताना हे लक्षात आलं.” आधी ठरवून शोधलेलं आणि वाटेत सापडलेलं यांत फरक असतो, आणि वाटेत सापडलेलं कमी दर्जाचं नसतं.

---

पैनगंगेकाठची | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२५

बदललं. आज वर्गात पुन्हा बोलले. चार मिनिटं चाळीस सेकंद. खाली बसले नाही.

---

पैनगंगेकाठची | २३ डिसेंबर, दुपारी १२:३०

काल होऊन आले. सगळं लिहिते.

पोस्टर मॅटवर छापलं होतं, माप बरोबर. सागरदादा, सुतळी लागली. शेजारच्या दोघांना पण दिली.

माझ्याकडे तीन परीक्षक आले. पहिल्या मॅडमनी डाळीचं वाक्य संपताच विचारलं, “तू कुठलं पाणी पितेस?” मी सांगितलं, आजपर्यंत त्याच पंपाचं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग आलेखाकडे वळल्या.

दुसऱ्या सरांनी अगदी तोच प्रश्न विचारला, सौम्य केलं का. खडूफळा सर, मी “१.४ पेक्षा जास्त” लिहिलेल्या तक्त्यातल्या नऊ जागांवर बोट ठेवलं आणि ऑक्टोबरमध्ये राहून गेलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “मग ऑक्टोबरची मेशी तुलना करता येणार नाही.” मी म्हटलं, हो सर, त्या नऊ ठिकाणी नाही करता येणार. त्यांनी लिहून घेतलं. पुढे त्यांनी क्षारतेचा स्पॅड्न्सवर काय परिणाम होतो ते विचारलं. अडथळा येतो एवढं वाचलं होतं, किती क्षारतेपासून येतो ते आलं नाही. माहीत नाही म्हटलं.

तिसऱ्यांनी त्या उलट्या विहिरीबद्दल विचारलं. तिच्या कडेला लागूनच एक जुनी बोअर आहे, पण तिचं पाणी विहिरीत येतं का हे मी तपासलेलं नाही, असं सांगितलं.

पुढच्या फेरीच्या यादीत माझं नाव नाही. यादी लागली तेव्हा खूप वाईट वाटलं, बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. आमच्या गटातून जो पुढे गेला त्याने इलेक्ट्रोड वापरून शंभरावर नमुने मोजले होते. त्याचं पोस्टर मी दोनदा वाचलं, चांगलं होतं.

घरी आले तर आई पारावरच्या पंपावरून पाणी आणायची बंद झालीय. शाळेमागच्या विहिरीचं आणते, तिथे ०.६ आहे. लांब पडतं, पण आणते. शेजारच्या काकूंना मात्र पटत नाही. त्या म्हणतात उकळून पिऊ.

---

डॉ_शुभ्रा | २३ डिसेंबर, दुपारी १:१५

उकळून फ्लोराइड जात नाही! पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागेच राहतं, उलट थोडं दाटच होतं. त्यांना आजच सांग. ब्लीचिंग पावडरनेही जात नाही, ती जंतूंसाठी असते. विहिरीच्या पाण्याला मात्र ती घालायलाच हवी, तिथे दुसरा धोका आहे.

---

खडूफळा | २३ डिसेंबर, दुपारी ४:५०

“माहीत नाही” म्हणालीस हे वाचून बरं वाटलं. क्षारतेचं मी तुला पाठवतो, सोबत वाचू.

फ्लोराइड काढायचंच झालं तर नालगोंडा पद्धत आहे, नागपूरच्या नीरी संस्थेने बसवलेली. तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. पण मात्रा क्षारतेप्रमाणे ठरते, घरी अंदाजाने तुरटी टाकू नका. जवळ चांगली विहीर असेल तर ती केव्हाही बरी.

---

पैनगंगेकाठची | २४ डिसेंबर, रात्री ९:३५

सर, मॅडम, अजून एक मागणी आहे. ग्रामसेवकांना आकडे दाखवले. ते म्हणाले, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दहा मिनिटं बोल. तिथे परीक्षक नाहीत. पारावर बसलेली माणसं, बायका मागे उभ्या. प्रोजेक्टर नाही, ठिबक्यांचा आलेख कोणाला कळणार नाही, आणि पंपाचं पाणी गोड लागतं असं सगळेच म्हणतील. काय दाखवू?

---

झेडपीगुरुजी | २४ डिसेंबर, रात्री १०:०८

स्पॅड्न्सचा रंग कसा बदलतो?

---

पैनगंगेकाठची | २४ डिसेंबर, रात्री १०:२०

द्रावण लाल असतं, गुरुजी. फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग फिका पडतो. यंत्र ५७० नॅनोमीटरला तोच फिकेपणा मोजतं.

---

झेडपीगुरुजी | २४ डिसेंबर, रात्री १०:२६

मग आलेख कशाला? नळ्या घेऊन जा. एकीत शाळेमागच्या विहिरीचं पाणी, एकीत पारावरच्या पंपाचं. नावं मोठ्या अक्षरांत चिकटव. पाठीमागे पांढरा कागद धर.

---

खडूफळा | २४ डिसेंबर, रात्री १०:४१

त्या लाल द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. नळ्यांना घट्ट बूच लाव, मेणाने बंद कर, मुलांच्या हातात देऊ नकोस. आणि आधी प्रयोगशाळेत करून बघ, पंपाचं पाणी सौम्य न करता घेतलंस तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो का. मागे उभ्या असलेल्या बायकांना दिसला पाहिजे.

---

पैनगंगेकाठची | २६ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

आज करून पाहिलं. हात लांब करून धरल्या तर आठदहा पावलांवरून दिसतो, त्यापुढे नाही. म्हणून मागे उभ्या असलेल्या बायकांकडे मीच नळ्या घेऊन चालत जाणार आहे. आईने तिसरी नळी करायला सांगितलीय, उकळलेल्या पाण्याची, शेजारच्या काकूंसाठी.